जिथे लाट फुटत नाही

वैशाखाच्या उन्हाने देशावरची जमीन भेगाळू लागली, विहिरींचे तळ दिसू लागले आणि परीक्षांच्या जाचातून सुटलेल्या मुलांचा कलकलाट घराघरांतून ऐकू येऊ लागला, की पुण्या-साताऱ्याकडच्या, सांगली-कोल्हापूरकडच्या आणि त्याहीपलीकडे मराठवाड्यातल्या माणसाला घाटाखालच्या समुद्राची आठवण अनावर होते. आणि मग ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा घाटांच्या वळणांवरून मोटारींच्या रांगा कोकणात उतरू लागतात. ही ओढ मला सर्वथैव निरोगी वाटते. वर्षभर चार भिंतींत आणि धुरकट रस्त्यांवर कोंडलेल्या माणसाने एकदा तरी क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहावे, ओल्या पुळणीवर अनवाणी चालावे, आपल्या लेकराला पहिली लाट पायांवर घेताना किंचाळलेले ऐकावे, यात जे सुख आहे ते कोणी कोणाला नाकारू नये. समुद्राचे भय दाखवून माणसांना त्याच्यापासून दूर ठेवावे, असा या लेखाचा हेतू नाही.

तथापि याच दिवसांत वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी बातमी पुनःपुन्हा येत असते. गावाचे नाव बदलते, मृतांचे वय सतरा, एकोणीस, बावीस असे थोडेफार मागेपुढे होते. परंतु त्या बातमीतले एक वाक्य जणू छापखान्यात कायमचे जुळवून ठेवलेले असते : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू’. पोलिसांच्या पंचनाम्यातून हे वाक्य बातमीत येते, बातमीतून आपल्या बोलण्यात येते, आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याचेही आपल्याला सुचत नाही. माझ्या मते या एका वाक्यात सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे. अंदाज आला नाही, म्हणजे तो येण्याजोगा होता. पाण्याचा अंदाज ही कोणा सिद्धपुरुषाला लाभणारी गूढ विद्या नव्हे. ते नियमबद्ध, शिकता येण्याजोगे आणि शिकवता येण्याजोगे ज्ञान आहे, आणि ते आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी, खारवी, भंडारी, गाबीत वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. ज्या किनाऱ्यावर हे ज्ञान आहे, त्याच किनाऱ्यावर त्याच्या अभावी परगावची मुले मरतात, ही मला केवळ दुःखाची गोष्ट वाटत नाही. ती आपल्या सार्वजनिक व्यवस्थेतली गंभीर कसूर वाटते.

या अज्ञानाचे मूळ कोठे आहे, ते प्रथम पाहू. देशावरचा मनुष्य पोहायला शिकतो तो विहिरीत. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधून, काठावर उभ्या असलेल्या काकाच्या किंवा थोरल्या भावाच्या दटावणीखाली, पायऱ्यांवरून पाण्यात उडी घेत घेत त्याला पोहणे येते. आणि एकदा ते आले, की आपल्याला पाणी जिंकता येते अशी त्याची धारणा होते. विहिरीचे पाणी स्थिर असते. त्यात फक्त खोलीचे भय असते, आणि ज्याला तरंगता येते त्याला खोलीचे भय राहत नाही. नदी वाहती असली तरी तिची दिशा एकच असते आणि दोन्ही काठ डोळ्यांसमोर असतात. हल्लीच्या शहरांतील तरण तलावांत तर पाण्याची खोलीसुद्धा भिंतीवर आकड्यांनी लिहिलेली असते. या तिन्ही ठिकाणी मिळवलेले कौशल्य खरेच असते. परंतु समुद्राचे पाणी एकाच वेळी किनाऱ्याकडे येत असते आणि किनाऱ्यापासून परतही जात असते, त्याचा तळ दर पंधरवड्याला बदलत असतो, आणि सकाळी जिथे कमरेइतके पाणी होते तिथे दुपारी पुरुषभर होते. विहिरीतले पोहणे अंगी असले, तरी समुद्राची वर्णमाला निराळी आहे आणि ती नव्यानेच शिकावी लागते.

त्या वर्णमालेतले पहिले अक्षर मला गुहागरच्या किनाऱ्यावर एका वृद्ध खारव्याने शिकवले. एप्रिलच्या अखेरचे दिवस होते, चारचा सुमार असेल. सुरूच्या बनाच्या सावलीत ते जाळ्याची फाटलेली जागा सांधत बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी वाळूत टेकून त्यांच्या बोटांची लगबग पाहत होतो. एवढ्यात एका मोटारीतून पाच-सहा तरुण उतरले, त्यांनी किनाऱ्यावर एकदा नजर फिरवली, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र लाटा फुटत असताना मध्ये जो एक शांत, किंचित काळसर पट्टा दिसत होता, तिकडे ते निघाले. म्हाताऱ्याने हातातले जाळे टाकले आणि त्यांना जोराने हाक मारली.

“काका, इकडे तर लाटाच नाहीत, म्हणून इकडे उतरतोय,” त्यांच्यातला एकजण म्हणाला. त्याच्या स्वरात उर्मटपणा नव्हता. आपण सावधगिरीच बाळगत आहोत, असे त्याला मनापासून वाटत होते.

“लाट नाय म्हणूनच इथं उतरू नका, बाबांनो,” म्हातारा म्हणाला. “जिथं लाट फुटत नाय, तिथून पाणी परत जातंय.”

एवढे बोलून ते थांबले नाहीत. वाळूत पडलेले नारळाचे एक वाळके सोडण त्यांनी उचलले, गुडघाभर पाण्यात जाऊन त्या शांत पट्ट्यात ते सोडले आणि मुलांना पाहत राहायला सांगितले. सोडण क्षणभर जागच्या जागी हेलकावले, मग त्याने तोंड फिरवले आणि कोणी दोरीने ओढावे तसे सरळ खोल पाण्याच्या दिशेने निघाले. दोन-तीन मिनिटांत ते फुटणाऱ्या लाटांच्या रांगेपलीकडे एका ठिपक्याएवढे उरले. मुले निमूटपणे उभी होती. ज्याने आधी उत्तर दिले होते त्याने वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. कित्येक व्याख्यानांनी जे साधले नसते, ते एका सोडणाने साधले होते.

त्या म्हाताऱ्याने दाखवले त्याला सागरविज्ञानात ‘रिप करंट’ म्हणतात. मराठीत आपण त्याला परतीचा प्रवाह म्हणू. त्याची घडण समजण्यास अवघड नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे आडवे उंचवटे तयार होतात. त्यांच्यावर लाटा फुटतात आणि त्यांचे पाणी किनाऱ्याकडे लोटले जाते. लाटेमागून लाट येत असल्याने हे पाणी काठाशी साचते आणि परत जाण्यास वाट शोधू लागते. वाळूच्या उंचवट्यात जिथे खिंड पडलेली असते तिथून ते सगळे एकवटून बाहेर पडते. खिंडीत पाणी खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही. म्हणून वरून ती जागा शांत दिसते, आणि अननुभवी माणसाला तीच सर्वांत सुरक्षित वाटते. या प्रवाहाचा वेग बहुधा सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून थोडा अधिक असतो. परंतु क्वचित तो अडीच मीटरपर्यंतही जातो. जगातील सर्वश्रेष्ठ जलतरणपटू शर्यतीच्या तलावात ५० मीटर अंतर सुमारे २१ सेकंदांत कापतो; म्हणजे तोसुद्धा अशा प्रवाहाच्या विरुद्ध पोहू लागला तर जागच्या जागीच राहील. मग सुट्टीत चार दिवस हात मारणाऱ्याची काय कथा?

परंतु याच प्रवाहाविषयी दोन गोष्टी अशा आहेत की त्या ज्याला ठाऊक आहेत त्याचे प्राण वाचू शकतात. पहिली ही, की हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. आणि फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे त्याचा जोर ओसरतो. दुसरी ही, की तो बहुधा अरुंद असतो. माणूस बुडतो तो प्रवाहामुळे कमी आणि प्रवाहाशी झुंजून दमल्यामुळे अधिक. डोळ्यांसमोरचा किनारा दूर जाताना पाहून तो सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारू लागतो, आणि पाच-दहा मिनिटांत त्याच्या अंगातले त्राण संपते. अशा वेळी किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट सोडावा, पाठीवर उताणे होऊन तरंगावे, श्वास आवरावा, एक हात उंच करून मदत मागावी. आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत प्रवाहाच्या बाहेर पडून, जिथे लाटा फुटत आहेत तिथून त्यांच्या आधाराने परत यावे. जी फुटणारी लाट भयंकर दिसते तीच घरी आणून सोडते, आणि जे शांत पाणी आश्वासक वाटते तेच दूर नेते, हे ज्याच्या मनात एकदा ठसले त्याने समुद्राचा पहिला धडा गिरवला असे समजावे.

दुसरा धडा भरती-ओहोटीचा. आपल्या किनाऱ्यावर याचे एक जुने, तोंडी चालत आलेले गणित आहे, आणि ते इतके सोपे आहे की प्रत्येक मराठी घरात ते माहीत असायला हवे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी हीच वेळ सुमारे ५० मिनिटे पुढे सरकलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूर हटते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. ज्या घरात दिनदर्शिका भिंतीवर टांगलेली आहे आणि संकष्टी-एकादशी तिच्यावरून पाहिली जाते, त्या घराला हा हिशेब करण्यास एक मिनिटही लागणार नाही. एकादशीचा उपवास आपण चुकवीत नाही. त्याच कागदावर लिहिलेली समुद्राची वेळ मात्र आपण वाचत नाही.

हे गणित चुकले म्हणजे काय होते, ते पाहायचे असेल तर अलिबागला जावे. तेथील कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो. भरतीला त्याच्याभोवती सर्वत्र पाणी असते. ओहोटीत हसतखेळत गेलेली माणसे किल्ल्यातील गणपतीचे दर्शन घेऊन, तटावर छायाचित्रे काढून परत फिरतात तेव्हा मधली वाट पाण्याखाली गेलेली असते. आणि एवढेसेच तर अंतर आहे, असे म्हणून जे पाण्यात शिरतात ते स्वतःवर संकट ओढवून घेतात. किल्ल्यावर थांबून होडी मागवणे किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहणे, यात कोणताही कमीपणा नाही. हाच नियम खाडीच्या मुखांनाही लागू आहे. ओहोटी लागली की खाडीत चढलेले सगळे पाणी त्या अरुंद मुखातून समुद्रात धावत सुटते. म्हणून खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, पाणी कितीही उथळ दिसले तरी, पोहण्यासाठी कदापि उतरू नये.

उन्हाळ्याचा म्हणून एक विशेष धोका आहे, आणि तो अलीकडच्या काळापर्यंत किनाऱ्याबाहेरच्या लोकांना फारसा ठाऊक नव्हता. स्थानिक हवा निवांत असते, आकाश निरभ्र असते, वादळाची कोठे वार्ता नसते. आणि तरीही हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला झालेल्या वादळांतून उठलेल्या लांब लाटा काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर अकस्मात येऊन आदळतात. केरळातील मच्छीमार त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण अशाच लाटांनी ओढून नेले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, ज्याला ‘इन्कॉइस’ या संक्षिप्त नावाने ओळखतात, या लाटांचा इशारा आधीच दिलेला होता. म्हणजे ज्ञान होते, यंत्रणा होती, इशाराही निघाला होता; परंतु हैदराबादेहून निघालेला तो इशारा त्या वाळूवर उभ्या असलेल्या पाच मुलांच्या कानांपर्यंतचे शेवटचे शंभर हात ओलांडू शकला नाही. माझ्या मते हेच शेवटचे शंभर हात ही आपली खरी समस्या आहे.

मे महिना उतरणीला लागला की कोकणातल्या बंदरांवर एक दृश्य दिसू लागते. मच्छीमार आपल्या होड्या वाळूवर ओढून घेतात आणि पावसाळ्यासाठी शाकारून ठेवू लागतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला शासकीय मनाई असते, आणि जुन्या रीतीने तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याविना होडी पाण्यात जात नसे. जन्मभर ज्याने समुद्राशी संसार केला तो ज्या दिवसांत आपली होडी वर ओढतो, नेमक्या त्याच दिवसांत, सुट्टी संपत आली म्हणून, पाहुणा पाण्यात उतरत असतो. किनाऱ्यावर शाकारलेली होडी दिसली की ती वाचता आली पाहिजे. ती लाकडाची असली तरी तो एक जाहीरनामाच आहे.

धोका पावसाळ्याच्या तोंडावरच असतो असेही कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, थंडी नुकती ओसरत असताना, पुण्याहून सहलीला आलेले एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. एकत्र शिकणारी, एकत्र सहलीला आलेली ती मुले होती. त्या दिवसानंतर काही काळ बंदीचे हुकूम, सूचनाफलक आणि चौकशांची लगबग झाली. पण त्यानंतरही निरनिराळ्या किनाऱ्यांवर ‘अंदाज न आल्याने’ हे वाक्य छापले जायचे थांबले नाही. उत्तम पोहता येते म्हणून आपण सुरक्षित आहोत, या समजुतीलाही इतिहासाचा आधार नाही. १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट हे मेलबर्नजवळच्या, आपल्या परिचयाच्या किनाऱ्यावर खवळलेल्या पाण्यात शिरले आणि पुन्हा दिसले नाहीत; ते सराईत पोहणारे होते, पाणबुड्याची विद्याही त्यांना अवगत होती, आणि एका राष्ट्राची सारी शोधयंत्रणा लावूनही त्यांचा देह मिळाला नाही.

बुडणाऱ्या माणसाविषयीची आपली कल्पनाही चित्रपटांनी बिघडवली आहे. बुडणारा ओरडतो, हात हलवतो, पाणी उडवतो, असे आपण समजतो. वस्तुतः ज्याचे तोंड पाण्याखाली-वर होत आहे त्याला श्वास घेण्यालाच अवधी पुरत नाही, तो ओरडणार कोठून? त्याचे हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबू लागतात, डोके मागे कलते, दृष्टी शून्य होते, आणि एक मिनिटाच्या आत, काठावरच्या माणसांना कळण्यापूर्वी, तो दिसेनासा होतो. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर त्याच्यावर ‘लक्ष’ असून भागत नाही. ते हाताच्या अंतरात असले पाहिजे, आणि त्या वेळी आईबापांच्या हातात मोबाइल नसावा. साडी, ओढणी, जीन्स असे पाणी पिऊन जड होणारे कपडे घालून कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. मद्य घेतलेल्या माणसाने तर पाण्याला पायही लावू नये, आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला लावू देऊ नये.

याहून दुःखाची गोष्ट म्हणजे एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा रीतीने एकाच कुटुंबातली माणसे एकामागून एक जातात. भाऊ बुडताना पाहून काठावर उभे राहणे कोणाला शक्य होईल? ती उडी प्रेमाची असते, तिला दोष देण्याची माझी छाती नाही. परंतु प्रेमाने उडी घेण्यापूर्वी एक क्षण हाताशी काय आहे ते पाहावे : दोर, टायरची ट्यूब, पाण्याचा रिकामा कॅन, थर्मोकोलचा डबा, काहीही जे तरंगते. ते फेकावे, बुडणाऱ्याला त्याला धरून राहायला सांगावे आणि मदतीसाठी धावावे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढण्याचा खटाटोप करणे, हे जुने प्रकार निष्फळ आणि घातकही आहेत. त्याचा श्वास चालत नसेल तर त्याला उताणे निजवून, नाक दाबून, तोंडाने प्रथम श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी जोराने ३० दाब आणि २ श्वास, हा क्रम १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता चालू ठेवावा. हे प्रत्येक महाविद्यालयात एका दुपारी शिकवता येण्याजोगे आहे.

आता शासनाविषयी. दुर्घटना घडली की पर्यटकांनी बेपर्वाई केली, सांगूनही ते ऐकत नाहीत, असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यात सत्याचा अंश आहे. गुहागरच्या मुलांसारखी ऐकणारी मुले असतात तशी न ऐकणारीही असतात. परंतु ज्याला सांगणारेच कोणी नव्हते, त्याने ऐकले नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. दुसरा प्रघात सरसकट मनाई हुकुमाचा. एका किनाऱ्यावर बंदी आली की माणसे पाण्यात उतरायचे सोडून घरी जात नाहीत. ती पुढच्या निर्मनुष्य पुळणीवर जातात, जिथे हाक ऐकायला म्हाताराही नसतो. बंदीने धोका जागा बदलतो, नाहीसा होत नाही.

यापेक्षा निराळा मार्ग आहे, आणि तो अनुभवाने सिद्ध झालेला आहे. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून किनाऱ्याकिनाऱ्यावर स्वयंसेवी जीवरक्षकांच्या संस्था उभ्या राहिल्या. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी, रविवारच्या गर्दीत, सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर एकापाठोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी दोनशेहून अधिक माणसे एकदम खोल पाण्यात लोटली. सुदैवाने त्या वेळी जीवरक्षक मोठ्या संख्येने तिथे हजर होते, आणि पाचजण दगावले तरी बाकी सर्वांना त्यांनी बाहेर काढले. तेच पाणी, त्याच लाटा. जीवरक्षक नसते तर केवढा अनर्थ झाला असता, याची कल्पनाच करवत नाही. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या गोव्यात २००८ पासून सरकारने किनाऱ्यांवरचे जीवरक्षण ‘दृष्टी’ या संस्थेकडे सोपवले. तिथे गणवेशातले शिक्षित जीवरक्षक मनोऱ्यांवर बसलेले असतात, लाल-पिवळ्या निशाणांच्या मधली जागा पोहण्यास योग्य आणि लाल निशाणाची जागा निषिद्ध, हे परक्या देशातल्या माणसालाही भाषेविना कळते. सीमेवरची आरोंदा-तेरेखोलची खाडी ओलांडली की समुद्र बदलत नाही, व्यवस्था बदलते.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जीवरक्षकाचा भार ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या तुटपुंज्या उत्पन्नावर असतो. हंगामापुरती नेमणूक, अपुरे मानधन, आणि साधनांच्या नावाने एखादी शिट्टी. ज्या किनाऱ्यांच्या चित्रांनी पर्यटनाच्या जाहिराती सजतात, ज्या पाहुण्यांमुळे घरगुती खानावळीपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सर्वांचा चरितार्थ चालतो आणि सरकारी खजिन्यातही भर पडते, त्या पाहुण्यांच्या प्राणांसाठी स्वतंत्र, कायमस्वरूपी तरतूद असू नये, हे न्यायाचे नाही. माझी मागणी मोठी नाही. गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर बारमाही, पगारी, प्रशिक्षित जीवरक्षक असावेत आणि ते प्रथम त्याच गावच्या कोळी-खारवी-गाबीत तरुणांतून घ्यावेत. कारण त्यांना पाण्याची भाषा येते आणि त्यांच्या वाडवडिलांच्या ज्ञानाला त्यातून मानाचा मोबदला मिळेल. निशाणांची एकच पद्धत सर्व जिल्ह्यांत लागू असावी. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ मोठ्या अक्षरांत वाहनतळाशीच, मोटारीतून उतरताच दिसेल अशी लिहिलेली असावी. ‘पुढे धोका आहे’ एवढेच सांगणारा गंजका फलक त्याची जागा घेऊ शकत नाही. ‘इन्कॉइस’चा इशारा तहसील कचेरीच्या दफ्तरात न अडकता त्याच तासाला किनाऱ्यावरच्या ध्वनिक्षेपकावर यावा. आणि शाळा-महाविद्यालयांच्या सहलीला परवानगी देताना, जेवणाची आणि मुक्कामाची तजवीज विचारली जाते तशी, पाण्याजवळ कोण थांबणार आणि स्थानिक जाणकार कोण सोबत असणार, हेही लेखी विचारले जावे.

जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून जाहीर केला. परंतु एवढी मोठी संख्या मनाला भिडत नाही. मनाला भिडतो तो किनाऱ्यावर गोळा करून ठेवलेला चपलांचा ढीग, ज्यातल्या एका जोडीला न्यायला कोणी परत येत नाही. ती चप्पल घरी नेणारा बाप जन्मभर एकच प्रश्न स्वतःला विचारतो, की मी त्याला जाऊ का दिले. जाऊ दिले यात त्या बापाची चूक नव्हती. मुलाला समुद्र पाहावासा वाटला यात मुलाची चूक नव्हती. त्या दोघांना जे ठाऊक असायला हवे होते ते कोणी सांगितले नाही, एवढेच घडले होते.

म्हणून या उन्हाळ्यात घाट उतरणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी हात जोडून एक विनंती आहे. समुद्र दिसला की मोटारीचे दार उघडून थेट पाण्याकडे धावू नका. दहा मिनिटे वाळूवर उभे राहा. लाटा कोठे फुटतात आणि कोठे फुटत नाहीत, ते पाहा. जवळ जाळे सांधणारा कोणी असेल, नारळपाणी विकणारी कोणी मावशी असेल, तर तिच्याजवळ जाऊन विचारा : “मावशी, आज ओहोटी कधी लागते, आणि पाण्यात कुठं उतरू नये?” ती हातातले काम थांबवून तुम्हाला सांगेल; किनाऱ्यावरची माणसे हे सांगताना कधी कंटाळत नाहीत. तिने नको म्हटलेल्या जागी उतरू नका. जिथे लाट फुटत नाही, तिथे तर मुळीच नाही.